लाल झाकणाची डबी

खाजवण्याचा आवाज मी कुठेही ओळखतो. बसमध्ये मागच्या बाकावर कुणी मनगट खाजवत असलं, तर वळून न बघता मला कळतं की डास चावलाय की इसब आहे. डास चावलेला माणूस चार-पाच वेळा खाजवतो आणि विसरतो. इसबवाला विसरत नाही. त्याच्या नखांचा आवाज आधी कोरडा असतो, वर्तमानपत्रावरून बोट फिरवल्यासारखा. मग तो हळूहळू ओला होतो. ओला झाला की समजायचं, आपल्याला उशीर झाला.

हे मला माझ्या मुलीने शिकवलं. तेव्हा तिला बोलताही येत नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही नाशिकजवळ एकलहऱ्याला वीज केंद्राच्या वसाहतीत राहायचो. मी, बायको, माझी आई आणि ही पोर. मी बॉयलरवर ऑपरेटर होतो. मुलगी चार महिन्यांची असताना तिचे गाल लाल झाले. आई म्हणाली, थंडीने उललेत. थंडी गेली, उन्हाळा आला, आणि ते चट्टे गालांवरून खाली उतरले. कोपरांच्या आतल्या घडीत, गुडघ्यांच्या मागे, मानेच्या वळीत. आम्ही कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. आमसुलाचं तेल लावलं. मसुराच्या डाळीचा लेप लावला, तेव्हा ती अशी किंचाळली की शेजारचे दारात आले. घरी जो येई तो एक उपाय ठेवून जाई, आणि जाताना एवढं बोलून जाई, की मुलीची जात आहे, डाग राहायला नकोत.

मुलगी अंगावर पीत होती, म्हणून बायकोचं खाणं बंद होत गेलं. आईने आधी वांगं बंद केलं, मग अंडं, मग दही, मग शेंगदाणे. माझी बायको खानदेशातली. शेंगदाण्याची चटणी ताटात नसली तर तिला जेवल्यासारखं वाटत नसे. पण तिने एका शब्दाने वाद घातला नाही. वरणभात खायची आणि पोरीच्या हातांवर माझे जुने मोजे चढवून बांधायची.

माझी भीती वेगळी होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

माझे वडील दम्याने गेले. मी बारावीत होतो. शेवटची दोन वर्षं त्यांना आडवं होता येत नसे. भिंतीला उशी लावून ते पुढे वाकून बसायचे आणि प्रत्येक श्वासासाठी खांदे वर उचलायचे. त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. आई त्यावर एकच गोष्ट सांगायची. लहानपणी ह्यांना अंगभर इसब होता, कुणीतरी मलम दिलं, आठ दिवसांत अंग लख्ख झालं आणि ते सगळं आत जाऊन छातीत बसलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ती कधी तपासून बघावी असं मनातही आलं नाही.

त्यात माझी नोकरी. बॉयलरवर पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते मरेपर्यंत विसरत नाही. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उठतो, वाफ बाहेर पडते, त्या आवाजाने सगळी वसाहत दचकते, पण बॉयलर वाचतो. आवाजाची कटकट नको म्हणून व्हॉल्व्ह बांधून ठेवणाऱ्याचं काय होतं, हे आमच्या वरिष्ठांनी एकदा सांगितलं होतं. मुलीच्या कातडीकडे मी तसंच बघत होतो. आतलं काहीतरी बाहेर पडतंय. त्रास होतोय, पण पडू दे.

सिन्नरकडून भाजी घेऊन येणारी एक मावशी आमच्या दारात टोपली टेकवायची. ती एकदा पोरीकडे बघत म्हणाली, "लय खाजवती हो ही."

"डॉक्टरकडे न्यायचंय," बायको म्हणाली.

"न्या की. पण दाबायचं औषध घेऊ नका बाई. माझ्या जावेच्या पोराचं आसंच दाबलं. आता जिना चढला तरी छातीत शिट्टी वाजती. भायेरचं भायेरच बरं."

बायको हसली आणि मेथीची जुडी निवडून घेतली. मी आत पेपर वाचत होतो. शिट्टी हा शब्द ऐकला आणि एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

मुलगी पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा बायकोने आईला न विचारता नाशिकमधल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. डॉक्टरबाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीला उघडं करून उजेडात सगळं अंग पाहिलं. म्हणाल्या, हा आजार एकदाच बरा होऊन संपत नाही, तो सांभाळावा लागतो. कोमट पाणी, साबण नाही, अंग ओलसर असतानाच तेल. आणि मलम. ते त्यांचे कंपाउंडर काका आतल्या खोलीत काचेच्या पाटीवर घोटून तयार करायचे. पांढरं मलम, प्लास्टिकची डबी, लाल झाकण. झाकणावर काकांनी चिठ्ठी चिकटवली होती: सकाळ-संध्याकाळ, पातळ थर.

सहाव्या दिवशी मुलीच्या कोपराच्या घडीत बोट घातलं तर लोण्यासारखं मऊ लागलं. तिच्या हातांवरचे मोजे काढले. ती दिवसभर स्वतःच्या बोटांकडे बघत होती, ती तिला नवीनच होती. बायकोने त्या दिवशी शेंगदाणे भाजले, कुटले, आणि भाकरीबरोबर चटणी खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 

आठव्या दिवशी मुलगी खोकली.

साधा खोकला. हवा बदलत होती, वसाहतीतली निम्मी मुलं खोकत होती. पण मी तिला मांडीवर घेऊन पाठीला कान लावला आणि मला शिट्टी ऐकू आली. ती खरंच होती की नव्हती, हे आज मी शपथेवर सांगू शकत नाही. तेव्हा मला ती अगदी स्पष्ट ऐकू आली होती.

"हे मलम थांबवू या का?" मी बायकोला विचारलं.

"का?"

"दाबलं की आत जातं."

"आत म्हणजे कुठे?"

मी पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

"अहो, दीड वर्षाने पोरीच्या अंगाला हात लावता येतोय मला," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांना माझ्या मुलीच्या मध्ये आणू नका."

तिचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मी पुन्हा तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून येताना मेडिकलमधून बाळाच्या अंगाला लावायचं एक साधं पांढरं क्रीम घेतलं. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आई पोरीला घेऊन शेजारी गेली होती. मी चमच्याच्या दांड्याने डबीतलं मलम खरवडून एका कागदावर काढलं, डबी पुसली आणि क्रीम भरलं. वरून बोटाने थोडं उकरलं, वापरल्यासारखं दिसावं म्हणून. ते उकरणं मला सगळ्यात जास्त आठवतं. भीतीने माणूस चूक करतो, हे मी स्वतःला समजावलं आहे. पण वरून उकरायला भीती लागत नाही, त्याला लबाडी लागते.

चार-पाच दिवसांत खोकला थांबला. मला वाटलं, मी तिला वाचवलं.

आठवड्याभरात नखांचा आवाज परत सुरू झाला. आधी कोरडा. मोजे परत हातांवर चढले. बायको डबी घेऊन बसायची, चिठ्ठीत लिहिलं तसा पातळ थर द्यायची, घड्याळ बघून. औषध संपत आलं तेव्हा ती नवी डबी आणायला स्वतः नाशिकला गेली. काकांनी घोटून दिलेली ती दुसरी डबीही मी त्याच संध्याकाळी रिकामी केली.

"चटणी खाल्लीस ना त्या दिवशी?" आईने तिला विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला तसंच वाटत होतं.

बायकोने शेंगदाण्यांचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. मग स्वतः दूध प्यायचं सोडलं, डाळ सोडली. पोरीचे झबले तीन-तीनदा धुवायला लागली. एकदा दुपारी मुलगी तिच्या मांडीवर पीत होती. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या दुधातच काही आहे का हो?"

मी म्हणालो, "नसेल गं."

"नाही" म्हणायला हवं होतं. मला माहीत होतं की नाही. पण मी "नसेल" म्हणालो.

पुढच्या आठवड्यात कोपराच्या घडीत पिवळट खपल्या धरल्या, आणि त्यांच्या बाजूला पाण्याने भरलेले फोड आले. अंग तापलं. आईने ते फोड पाहिले आणि हात जोडले. म्हणाली, देवी आल्यात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद झाली. देवी आल्या की औषध द्यायचं नाही, बाहेरच्यांनी यायचं नाही, देवीला तिच्या मर्जीने येऊ द्यायचं आणि जाऊ द्यायचं, हे आमच्याकडे चालत आलेलं.

"देवी नाहीत ह्या," बायको म्हणाली. "जिथे खाजवलंय तिथेच फोड आलेत. पोटावर एक तरी आहे का बघा." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही बोला ना काहीतरी."

फोड नुसते खाजवलेल्या जागी आहेत हे मलाही दिसत होतं. पण देवी असल्या तर त्या डबीमुळे आलेल्या नव्हत्या. मी म्हणालो, "दोन दिवस थांबून बघू."

ते दोन दिवस मी दिले. दुसऱ्या कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाळीवरून घरी आलो तेव्हा घर शांत होतं. चपला काढताना मला बरं वाटलं, पोर झोपली असेल. मग ती जागी दिसली. बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून उघड्या डोळ्यांनी पडली होती. मोज्यातले हात खाली लोंबत होते. ती खाजवत नव्हती. मलमाचे ते थोडे दिवस सोडले, तर दीड वर्षात पहिल्यांदा ती जागी होती आणि खाजवत नव्हती. तिच्यात तेवढाही जीव उरला नव्हता.

मी कुणालाही न विचारता बाहेर पळालो आणि रिक्षा आणली. आई डहाळ्याखाली उभी होती. ती बाजूला झाली.

 नाशिकरोडपासून दवाखान्यापर्यंत बायको पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतोय का एवढंच बघत होती. मी बाहेर बघत होतो. नवस मला करता येईना. काय कबूल करायचं ते माहीत होतं, आणि तेच कबूल करायचं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मुलीला बघितलं आणि लगेच लहान मुलांच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. जखमांत जंतू गेलेत, रक्तात पसरायच्या आत सलाईनमधून औषध जायला हवं. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मलम लावत नव्हता?"

"रोज लावत होते," बायको म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. एकदाही चुकवलं नाही." तिने पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी झाकण उघडलं. बोटावर थोडं घेऊन मनगटावर चोळलं, वास घेतला. पुन्हा घेतला. मग त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. कंपाउंडर काका आले. बारीक, पांढरे केस, हाताला मलमाचा तेलकटपणा.

"काका, ह्यात औषध कुठे आहे? नुसतं क्रीम भरून दिलंत का?"

काकांनी डबी हातात घेतली. वास घेतला. झाकणावरची स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी पाहिली. मग मान वर केली आणि बाईंकडे न बघता माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"चुकलं असेल बाई," ते म्हणाले.

"मुलीच्या जिवावर बेतलंय, काका."

"होय बाई."

मी तिथे उभा होतो. माझ्या आणि टेबलाच्या मध्ये दोन हात अंतर असेल. मी मुलीची पिशवी उचलली आणि म्हणालो, "चला, उशीर होतोय."

दवाखान्यात पहिले दोन दिवस ताप उतरेना. डॉक्टर येऊन आकडे बघायचे आणि पुढच्या कॉटकडे जायचे. मी कॉटच्या पायथ्याशी उभा राहून तिची छाती वर-खाली होताना मोजायचो. शिट्टी वाजत नव्हती. ज्या एका गोष्टीला मी घाबरलो होतो ती कुठेच नव्हती, आणि मूल डोळ्यांसमोर जात होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याची बाटली भरून आलो तर बायको कॉटवर वाकली होती. तिने मला हाताने गप्प राहा म्हणून सांगितलं. मी ऐकलं. सलाईनच्या पट्टीवर नखं घासल्याचा आवाज. अगदी बारीक, कोरडा.

"खाजवतेय," बायको म्हणाली. "ऐकलंत? खाजवतेय."

आम्ही दोघं हसत होतो. मग ती डोळे पुसत म्हणाली, "हिला घरी नेलं की मी त्या म्हाताऱ्याकडे जाणार आहे. त्याला विचारणार आहे, तुझ्या घरात लेकरं नाहीत का."

तेव्हा मी सांगितलं. उभ्या उभ्या, हातात बाटली धरून. दोन्ही डब्यांचं. गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस, तेव्हापासूनचं.

तिने मुलीच्या हातावरची सलाईनची पट्टी नीट केली.

"मी शेंगदाणे देऊन टाकले, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"दुधाचं विचारलं तेव्हा?"

"हो."

"तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली.

मुलीला घरी सोडेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसलो.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेलो. काका खिडकीत होते. मी हात जोडले आणि सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं मलम घोटतोय," ते म्हणाले. "त्या डबीतला वास आमच्याकडचा नव्हता. तुमच्या तोंडाकडे बघितलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"आजारी लेकरू आईच्या खांद्यावर होतं. तिथे बापाचं भांडण काढू?" त्यांनी नंबराचा पत्र्याचा बिल्ला माझ्यापुढे सरकवला. "पण आता मला सांगून काय उपयोग? बाईंना सांगा. बाविसावा नंबर आहे. बसा."

मी बाविसावा नंबर येईपर्यंत बसलो. बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. आधी त्यांनी काकांना आत बोलावून माझ्यासमोर त्यांची माफी मागितली. मग मला म्हणाल्या, "इसब आणि दमा एकाच घरात राहतात. एक दुसऱ्याला आत ढकलत नाही. तुमच्या वडिलांना मलम लावलं नसतं तरी दमा झाला असता."

"मग हिलाही होईल?"

"होऊ शकतो. त्यालाही औषध आहे. तेव्हा काय करणार तुम्ही? पंपातलं औषध काढून घेणार?"

डबीचं मी आईला कधी सांगितलं नाही. तिच्याच गोष्टीवरून मी हे केलं, हे तिला कळलं असतं तर तिने स्वतःला माफ केलं नसतं. ती गेली तोवर तिचा विश्वास होता की देवी आल्या होत्या आणि गेल्या.

मुलगी सहा वर्षांची असताना शाळेतून धापा टाकत आली, आणि त्या दिवशी मी तिच्या पाठीला कान लावला तेव्हा शिट्टी खरंच होती. इथे मला एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहितो. भीतीच्या आधी, एका क्षणापुरतं, मला वाटलं, बघा, मी म्हणत होतो. माझी मुलगी श्वासासाठी खांदे उचलत होती आणि मला माझंच बरोबर ठरल्यासारखं वाटलं. मग बायकोने पंप आणायला पाठवलं आणि मी धावलो.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. पंप दप्तरात असतो, महिनोन्महिने लागत नाही. इसब थंडीत डोकं वर काढतो, मग मावळतो. तिचं मलम आता ट्यूबमध्ये येतं आणि ते बायकोच्या कपाटात असतं. मुलगी स्वतःच लावते. फक्त पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तिचा हात पोचत नाही. तेवढं ती माझ्याकडून लावून घेते, कारण माझा हात जड नाही असं तिचं म्हणणं आहे. त्या डबीचं तिला अजून माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

"बाबा, पाठ," ती हाक मारते आणि माझ्यापुढे पाठमोरी बसते.

बायको कपाटातून ट्यूब काढते. भांडण नाही, टोमणा नाही, इतक्या वर्षांत तिने तो विषय एकदाही काढलेला नाही. ती झाकण उघडते, थोडं मलम बोटावर घेते, वास घेते. मग ट्यूब माझ्या हातात देते.